घासाघीस कुठे करावी, कुठे करू नये

दिवाळी जवळ आली की फोनवर दोन तऱ्हेचे संदेश यायला लागतात. पहिला सांगतो, ऑनलाइन काही घेऊ नका, गल्लीतल्या दुकानदाराच्या घरीही दिवाळी होऊ द्या. दुसरा सांगतो, अमुक ॲपवर तूरडाळ स्वस्त लागली आहे, संपायच्या आत मागवा. अनेकदा दोन्ही संदेश टाकणारे काका एकच असतात.

काकांना हसण्यात अर्थ नाही. दोन्ही सल्ले खरे आहेत आणि दोन्ही एकाच पगारात बसवायचे आहेत. त्यात ऑक्टोबर २०२४मध्ये ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि तेव्हापासून किराणा दुकान जगणार की जाणार, हा विषय बातम्यांमधून हललेला नाही. आपण ग्राहक म्हणून काय करायचं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. ‘कोणत्या दुकानातून घ्यायचं’ असा प्रश्न घातला की भांडण होतं. ‘कोणती वस्तू कुठून घ्यायची’ असा घातला की बराच गुंता सुटतो, असं मला वाटतं.

दिलेला रुपया गावात किती मुरतो?

पाटाला पाणी सोडलं की ते वरचा वाफा भिजवून खालच्या वाफ्यात जातं, तिथून त्याच्या खालच्या. पाट मध्येच फुटला तर खालचे वाफे कोरडे राहतात. पैशाचंही असंच होतं. तुम्ही गिरणीवाल्याला दिलेले पन्नास रुपये तो भाजीवालीला देतो, ती रिक्षावाल्याला, रिक्षावाला चहावाल्याला. पन्नासच रुपये, पण चौघांची मिळकत झाली. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात. आणि जो पैसा पहिल्याच फेरीत गावाबाहेर जातो, त्याला गळती.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००२ साली याची मोजणी झाली होती. पुस्तकं आणि संगीत विकणाऱ्या जुन्या स्थानिक दुकानांजवळ एका मोठ्या साखळीचं पुस्तकांचं दुकान येऊ घातलं होतं. गिऱ्हाइकाने खर्चलेल्या १०० डॉलरपैकी स्थानिक दुकानामार्फत सुमारे ४५ डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत फिरतात, साखळीच्या दुकानामार्फत १३, असं त्या अभ्यासातून निघालं. फरक पडत होता तो मालकाचा नफा, हिशेबनीस, जाहिराती आणि कार्यालयातले पगार कुठे खर्च होतात यामुळे. हा अभ्यास मोठ्या दुकानाला विरोध करणाऱ्यांच्या पुढाकारातून झाला होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण ‘स्थानिक खरेदी करा’ म्हणणारे जगभर याच धर्तीचे आकडे देतात, म्हणून तो माहीत असलेला बरा.

पण साबणाचं काय?

पुस्तकांच्या दुकानाचं गणित उचलून किराणा दुकानाला लावलं की गफलत होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून तुम्ही १०० रुपयांचा साबण घेतला. साबण बाहेरच्या कारखान्यात झाला, कंपनी कुठली तरी मोठी, जाहिरात मुंबईच्या एजन्सीने केली, कर सरकारजमा झाला. दुकानदाराच्या हाती राहतात साधारण ८ ते १२ रुपये. दुधाच्या पिशवीवर त्याहूनही बरेच कमी. म्हणजे दुकान शंभर टक्के स्थानिक असलं तरी तुमच्या शंभरातले नव्वद तर पहिल्या फेरीतच गावाबाहेर पडले.

आता गिरणीत दळण टाका. दळणाच्या पैशांतून वीजबिल जातं, जात्याची डागडुजी जाते, बाकी सगळं गिरणीवाल्याच्या घरात. शिंप्याचंही तेच: दोरा, बटणं, अस्तर आणि जागेचं भाडं वजा केलं की उरते ती त्याची मजुरी. चांभार, सायकल-पंक्चरवाला, मिक्सर दुरुस्त करणारा, पोळ्या लाटून देणारी बाई, बचतगटाची चकली, यांना दिलेल्या रुपयाचा मोठा भाग गावातच मुरतो.

आपली सवय मात्र बरोबर उलटी. टूथपेस्टच्या छापील किमतीबद्दल आपण चकार शब्द काढत नाही आणि चप्पल शिवणाऱ्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतो. जिथे घासाघिशीने मोठ्या कंपनीला ओरखडाही उठत नाही तिथे गप्प, आणि जिथे समोरच्याची थेट मजुरी कापली जाते तिथे वाघ.

म्हणून माझी पट्टी अशी आहे. प्रत्येक खरेदीला दोन प्रश्न विचारायचे: इथून घेतल्याने मला किती जास्त मोजावे लागतात? आणि मोजलेल्यातलं किती इथे राहतं?

आकड्यांत पाहू

समजा तुमचा महिन्याचा पॅकबंद माल किराणा दुकानातून ६,००० रुपयांचा येतो. तोच मोठ्या स्टोअरमध्ये ८ टक्के स्वस्त मिळतो, म्हणजे ४८० रुपये वाचतात. किराणावाल्याला या खरेदीवर १० टक्के सुटतात असं धरलं, तर त्याचे ६०० रुपये गेले. पण मोठ्या स्टोअरमधली बिल करणारी मुलगी, माल लावणारा मुलगा, पार्किंगवाला हेही इथलेच. ॲपचा डिलिव्हरी करणारा मुलगा तर कदाचित तुमच्याच वॉर्डातला असेल. त्यांच्या पगारापोटी २५० रुपये धरले, तर निव्वळ फरक उरला ३५०. म्हणजे गावात ३५० जास्त राहावेत म्हणून तुम्ही ४८० मोजलेत. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्याकडे ते वेगळे असतील, पण दिशा साधारण हीच निघते.

आता दुसरी बाजू. घरातला मिक्सर बंद पडला. नवा घेतला तर तीन-चार हजार, दुरुस्त केला तर काही शे. इथे स्थानिक माणसाला काम देऊन तुमचेच पैसे वाचले. दुरुस्तीत काटकसर आणि स्थानिक धंदा यांचं भांडणच नाही. (केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून वस्तू फेकण्याआधी तिथे एकदा पाहावं.) साडीला फॉल-पिको, पँटची उंची कमी करणं, बॅगेची चेन, गादीचा कापूस पिंजून घेणं, ही सगळी याच खात्यातली कामं.

मोठ्या दुकानाला परवडतं कसं?

‘ते लबाडी करतात’ आणि ‘किराणावाला लुटतो’, ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. स्वस्ताईची कारणं निरनिराळी असतात.

डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली मुंबईत पवईला उघडलं. त्यांची रीत सरळ आहे: शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाडं नाही. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्याबदल्यात भाव पाडून घ्यायचा. सजावट बेताची, जो माल भराभर खपतो तोच ठेवायचा. ही स्वस्ताई खर्च कमी केल्याने आलेली आहे आणि तिचा फायदा घेण्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. खुद्द अनेक छोटे दुकानदार ऑफर लागली की तिथून माल उचलतात. तेलाच्या पिशव्यांचा ढीग घेऊन रांगेत पुढे उभा असलेला माणूस तुमचाच किराणावाला निघू शकतो.

दहा मिनिटांच्या ॲपची गोष्ट वेगळी. त्यांनी वाढीसाठी गुंतवणूकदारांचा पैसा ओतला, आणि वितरकांची तक्रार नेमकी यावर आहे: आधी तोट्यात विकून शेजारची दुकानं बंद पाडायची आणि मग भाव चढवायचे. कायद्याच्या भाषेत ही भक्षक किंमत. २००२च्या स्पर्धा कायद्यानुसार ती सिद्ध करायची तर खर्चापेक्षा कमी भाव दाखवून भागत नाही, ती कंपनी बाजारात वरचढ स्थानावर आहे हेही दाखवावं लागतं. ते सोपं नाही. तोवर ग्राहकाने एवढंच करावं की वस्तूचा भाव न बघता शेवटचं बिल बघावं. हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क धरून पाव किलो रवा आणि हळदीची पुडी मागवली, तर कोपऱ्यावरचं दुकान सहज स्वस्त पडतं.

एक मात्र मानलं पाहिजे. भाजीवर कोथिंबीर-मिरची फुकट हे मराठी गिऱ्हाइकाचं जन्मसिद्ध मागणं ॲपवाल्यांनीही ओळखलं. २०२४मध्ये ब्लिंकिटने ठरावीक भाजीखरेदीवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली.

मोठी यादी तिकडे आणि मीठ-काडेपेटी इकडे, मग त्याने दुकान चालवायचं कसं?

या आक्षेपात दम आहे. दुकानाचं भाडं आणि पोराचा पगार ठरलेला असतो, तो निघण्याइतका गल्ला रोज व्हावाच लागतो. सगळ्यांनी फक्त अडीअडचणीच्या वस्तू त्याच्याकडून घेतल्या, तर अडीअडचणीलाही तो उरणार नाही.

यावर वाट आहे ती सुट्या मालाची. शेंगदाणे, गूळ, पोहे, रवा, कडधान्यं, खडा मसाला, सुकं खोबरं. यात दुकानदाराला पॅकबंद मालापेक्षा जास्त सुटतात, आणि तरी तुम्हाला भाव अनेकदा मॉलच्या चकचकीत पाकिटाइतका किंवा त्याहून कमी पडतो, कारण पाकिटाचा आणि ब्रँडचा खर्च त्यात नसतो. शिवाय हवे तेवढे, शंभर ग्रॅमसुद्धा, मिळतात. वाया न जाणं हीही काटकसरच. सुट्या मालाची यादी त्याला द्या, पॅकबंद जिथे स्वस्त तिथून घ्या. आणि पॅकबंदलाही एकदा विचारून पाहा. छापील किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्यावर विकणं बेकायदा, खाली विकायला मुभा. महिन्याची यादी एकदम देणाऱ्याला बरेच दुकानदार चार पैसे सोडतात, फक्त ते आपणहून बोलत नाहीत.

पाकिटं निवडताना एक गोष्ट कामाची: २०२२पासून पॅकबंद वस्तूंवर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापण्याचा नियम आहे. ‘मोठा पॅक स्वस्त’ हे दर वेळी खरं नसतं. शाम्पूच्या पुड्या तर अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

दुकानदार काही धर्मादाय काम करत नाही

नाहीच करत. बिल देत नाही, मुदत संपत आलेला माल पुढे करतो, बदलून द्यायला कुरकुरतो, असे दुकानदार सगळ्यांनी पाहिलेत. केवळ जवळ आहे म्हणून वाईट सेवा सहन करायची, याला मी पाठिंबा म्हणणार नाही. त्याला सरळ सांगावं, फरक पडला नाही तर पुढचं दुकान गाठावं. तेही स्थानिकच असतं.

पण त्याच्या बाजूचा हिशेब मांडताना एक रकाना आपण हटकून विसरतो. तो म्हणजे उधारी. वहीत लिहून महिन्याने पैसे घेणारा दुकानदार तुम्हाला बिनव्याजी कर्ज देत असतो, कागदपत्रांशिवाय. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत व्याज पडतं. पगार महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो त्यांना वहीची किंमत कळत नाही. रोजंदारीवर असलेल्या, हंगामी काम करणाऱ्या घराला ती पक्की ठाऊक असते. त्यांच्यासाठी दुकानदाराचा जरा चढा भाव म्हणजे भाव अधिक व्याज असतो, आणि ते व्याजही सावकारापेक्षा कितीतरी कमी. अशा घराला ‘मॉलमध्ये जा, स्वस्त पडेल’ हा सल्ला निरुपयोगी आहे. मॉल वही ठेवत नाही.

सगळ्यांनीच काटकसर केली तर मंदी नाही का येणार?

केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३०च्या महामंदीच्या काळात हा मुद्दा जगापुढे ठेवला. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांची मिळकत घटते, आणि शेवटी बचतही वाढत नाही. याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. मात्र तो लागू होतो मंदीत, जेव्हा वाचवलेला पैसा कोणी उसना घेऊन धंद्यात घालायला तयार नसतो. एरवी तुमची बँकेतली ठेव कोणाचं तरी कर्ज होते.

आणि इथे स्थानिक पाठिंब्याचा एक मार्ग आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही: बचत ठेवायची कुठे? नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्था तुमच्या ठेवीतून त्याच गावातल्या रिक्षाला, दुकानाला, वर्कशॉपला कर्ज देते. महाराष्ट्रात या संस्थांचं जाळं जुनं आणि दाट आहे. पण भावनेच्या भरात सगळी पुंजी तिथे नेऊ नका. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले ते आठवा. फेब्रुवारी २०२०पासून बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन्हीच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून खिडकीवर विचारून घ्यावं. स्थानिक बँकेत विम्याच्या मर्यादेत ठेव, हा मला मधला मार्ग वाटतो.

ही जुनी स्वदेशीच झाली की

थोडीशी. आपल्याकडे याची परंपरा आहेच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत ‘पैसा फंड’ उभारला, आणि त्यातून तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचेचा कारखाना सुरू झाला. लोकांची चिमूटभर बचत आणि इथला उद्योग यांची थेट गाठ त्यात घातलेली होती.

पण ‘आपलं ते चांगलं’ इतक्यावर थांबलं तर घोटाळा होतो. पुण्यातल्या घरात शिजणारी तूरडाळ लातूरच्या किंवा अकोल्याच्या डाळमिलमधून आलेली असते, मग ती मॉलमधून घेतलेली का असेना. ती न घेता ‘फक्त पुण्याचंच’ घ्यायचं ठरवलं तर शिजवायचं काय? आणि उद्या सोलापूरबाहेरच्या लोकांनी ठरवलं की आपण आपल्याच गावच्या चादरी घेणार, तर सोलापूरच्या मागावाल्याने काय करावं? लहान गावांना बाहेरचं गिऱ्हाईक लागतंच. मुख्यालय कुठे आहे हीदेखील फसवी खूण आहे. डीमार्ट ही मुंबईचीच कंपनी, पण सांगलीतल्या दुकानाच्या नफ्यासाठी सांगलीकराला ती बाहेरचीच.

मॉल नको आणि दुकानही परवडत नाही, तर?

तिसरी वाट पन्नास वर्षांपूर्वीच पाडलेली आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबांचे छोटे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, घाऊक खरेदी होते, आणि वाटपाचं काम सभासद पाळीपाळीने करतात. त्याआधी, १९४८ साली, नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ सहकारी तत्त्वावर उभा राहिला. आज सोसायटीचा व्हॉट्सॲप गट हाताशी असताना आंब्याच्या पेट्या किंवा वर्षाचे गहू थेट शेतकऱ्याकडून मागवणं फार सोपं झालंय. २०१६मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाल्यापासून शेतकऱ्याला थेट विकायला अडकाठीही राहिलेली नाही. यात किराणावाल्याचं नुकसान होतं का? गव्हापुरतं होतं. ते मान्य करूनच हे करावं.

जास्त पैसे न मोजता

दुकानदाराला पैसे कसे देता, यानेही फरक पडतो. यूपीआयने बँक खात्यातून दिलेत तर जानेवारी २०२०पासून त्यावर दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्ड घासलंत तर दीड-दोन टक्के त्याचे जातात, आणि त्याला सुटतात मुळात दहा. कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट मॉलमध्ये मिळवा. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूतल्या अनेक दुकानांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. म्हणून दुकानदाराने रोख मागितली तर लगेच करबुडवा ठरवू नये. बिल मात्र मागावं.

उधारी ठरल्या तारखेला चुकती करणं, शिंप्याची मजुरी कपडा हातात पडताच देणं, फराळाची ऑर्डर निम्मे पैसे आगाऊ देऊन नोंदवणं, यात तुमचा एक पैसाही वाढत नाही. समोरच्याला मात्र माल भरायला उसनवारी करावी लागत नाही.

आणि वेळ. पितृपक्षात आपल्याकडे खरेदीला हात आखडतात, दुकानं ओस असतात. लगेच नवरात्र-दिवाळीची झुंबड, तेव्हा शिंपी नवं काम घेतच नाही किंवा दर वाढवतो. ब्लाऊज, पडदे, उशांचे अभ्रे, जुन्या कपड्यांची दुरुस्ती ही कामं त्या पंधरा दिवसांत टाकली तर भाव बरा लागतो, काम निवांत आणि नीट होतं, आणि ज्या आठवड्यात त्याचं मशीन बंद असतं त्या आठवड्याचं भाडं निघतं. दुरुस्तीच्या कपड्यांना पितृपक्ष लागत नाही, असं घरच्यांना पटवणं तेवढं तुमच्याकडे.